दुपारी वाढणारा मीटर

१

चोरी झाली की काहीतरी कमी होतं, ही जगाची रीत. तिजोरीतले दागिने जातात, खुंटीवरची छत्री जाते, गेला बाजार दारातली चप्पल तरी जाते. पण विद्यापीठाच्या मोजमाप विभागात त्या सोमवारी सकाळी जो गुन्हा उघडकीला आला, त्यात कमी काहीच झालं नव्हतं. उलट वाढलं होतं.

मीटर वाढला होता.

आता मीटर म्हणजे कापडवाल्याची पट्टी नव्हे. विभागाच्या तळघरातल्या बंद खोलीत, काचेच्या पेटीत, एक मीटर लांबीचा पोलादी दांडा निजलेला असे. खोली कायम वीस अंशांवर. ना धूळ, ना आवाज, ना हादरा. पोलादाला ऊब लागली की ते फुगतं, म्हणून माणसांनी आत थांबायचं नाही, असा दारावर फलकच होता. दांड्याची लांबी लेझरच्या उजेडाने आपोआप मोजली जायची आणि तिचा आलेख बाहेरच्या खोलीतल्या संगणकावर उमटायचा. आलेख कसा हवा, तर निजलेल्या मांजरासारखा, अगदी आडवा.

आणि इथे त्याला चक्क उंटासारखी पाठ आली होती. मागच्या आठवड्यात तीन वेळा, तिन्ही वेळा जेवणाच्या सुट्टीत.

"मेले मी!" मायक्रॉनबाई म्हणाली आणि खुर्चीत मटकन बसली.

विभागात तिला सगळे मायक्रॉनबाईच म्हणत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि ही बाई त्या मायक्रॉनचेही दहा तुकडे करून प्रत्येक तुकड्यासाठी भांडायची. बुद्धी तल्लख, हात स्थिर, जीभ धारदार. नोकरी मात्र अकरा वर्षं तात्पुरती. दारावरच्या पाटीवर तिच्या हुद्द्याआधी 'तात्पुरती' असं ठसठशीत लिहिलेलं होतं आणि त्या पाटीचा रंगसुद्धा आता कायमचा झाला होता.

कायम नेमणुकीसाठी ती दोनदा मुलाखतीला बसली होती, दोनदा आपटली होती. तिसरी मुलाखत येत्या गुरुवारी. दांड्याची लांबी कुणाचा हात न लागता दिवसरात्र मोजता येते आणि ती तसूभरही हलत नाही, हे तिला समितीपुढे दाखवायचं होतं. या वेळी नकार आला तर करारही संपणार होता. म्हणजे तात्पुरतीसुद्धा नाही.

मोजणी खरं तर आजपासून सुरू व्हायची होती, तसं तिने अर्जात लिहूनही दिलं होतं. पण तिचा स्वभाव उतावळा. जरा तालीम होऊ दे म्हणून तिने आठवडाभर आधीच गुपचूप यंत्र चालू केलं होतं. आणि तालमीतच हा तमाशा.

तिने बंद खोली उघडून कानाकोपरा तपासला. पेटी जागेवर, कुलूप शाबूत. शेजारी ग्रॅनाइटचं मोठं टेबल, आरशासारखं सपाट. त्याच्या पायाशी मात्र काहीतरी हिरवं दिसलं. तिने उचललं. नाण्याएवढी, बनातीच्या कापडाची गोल चकती होती, एका बाजूला वाळलेला डिंक.

ती चकती तिच्या एकाही यंत्राची नव्हती.

२

खोलीच्या किल्ल्या तीनच. एक तिच्याकडे, एक भांडारात किल्लीबाईंकडे आणि एक विभागप्रमुखांकडे.

विभागप्रमुखांना सगळे थोरले सर म्हणत, कारण विभागात एक धाकटे सरही होते. थोरले सर काडीसारखे, धाकटे सर म्हणजे चांगला दोन खुर्च्यांचा ऐवज. दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. कशावरून बिनसलं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण त्यावरून अख्खा विभाग दुभंगला होता. थोरल्यांची माणसं खिडकीजवळ चहा पीत, धाकट्यांची दाराजवळ. आणि मायक्रॉनबाई दोघांकडेही शिकलेली, त्यामुळे तिला चहा मधल्या खांबापाशी उभ्यानेच घ्यावा लागे.

तिच्या दोन्ही मुलाखतींचं वाटोळं यातूनच झालं होतं. पहिल्या खेपेला थोरले 'हो' म्हणाले, म्हणून धाकटे 'नाही' म्हणाले. दुसऱ्या खेपेला, गेल्या वर्षी, धाकटे आधी 'हो' म्हणून बसले. मग थोरल्यांना 'नाही' म्हणणं भागच होतं.

सोमवारच्या चहाला तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझ्या खोलीत दुपारचं कुणीतरी येऊन बसतंय. गेला आठवडाभर मोजणी चालू होती. आलेखात आलंय."

खिडकीजवळ थोरल्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. दाराजवळ धाकट्यांना ठसका लागला. किल्लीबाई तेवढ्या शांतपणे म्हणाल्या, "भूत असेल."

"भुताला ऊब नसते, बाई," मायक्रॉनबाई म्हणाली. "हा कुणीतरी जिवंत आहे."

३

पहिली चौकशी किल्लीबाईंची. भांडाराच्या खिडकीत त्या किल्ल्यांचा जुडगा उशाला घेऊन बसलेल्या.

"माझ्यावर संशय? अगं ताई, सुट्टीत मी इथेच असते."

"कुणी पाहिलंय?"

"पाहिलंय? ऐकलंय म्हण! माझं घोरणं वरच्या मजल्यापर्यंत जातं. कुणालाही विचार."

तिने विचारलं, आणि वरच्या मजल्याने एकमुखाने साक्ष दिली. हिरवी चकती मात्र किल्लीबाईंनी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "आपल्या भांडारात असलं काही नाही. मी सुईसुद्धा ओळखते इथली."

दुसरी चौकशी थोरल्या सरांची. ते नजर कागदात घालून बोलत होते. "यंत्रच बिघडलं असेल गं. वीज कमीजास्त होते हल्ली."

"सर, वीज फक्त जेवायच्या सुट्टीत कमीजास्त होते?"

"होते कधीकधी," सर पुटपुटले आणि त्यांनी चष्मा पुसायला काढला.

त्यांच्या मागे कपाटावर एक जुना फोटो होता. तरुणपणचे थोरले, डोक्यावर भरघोस केस, हातात चांदीच्या करंडकाचा एक कान. करंडकावर घोड्याचं डोकं कोरलेलं. उजवीकडे फोटो कात्रीने कापला होता.

"सर, तुम्ही घोड्यावर बसायचात?"

"तरुणपणी माणूस काय काय करतो," सर घाईने म्हणाले. "तू गुरुवारची तयारी कर."

धाकटे सर आपल्या खोलीत बिस्किटं खात होते. "किल्ली कुणाकडे आहे ते बघ, म्हणजे चोर सापडेल. माझ्याकडे नाही. त्या वरच्या माणसाने मला कधी दिलीच नाही." थोरल्यांचं नाव ते तोंडाने घेत नसत, त्यांना 'वरचा माणूस' म्हणत. "मी बापडा दुपारचा फेऱ्या मारायला जातो, वजन कमी करायला."

वजन काही कमी झालेलं दिसत नव्हतं. आणि त्यांच्या टेबलाच्या काचेखालीही एक जुना फोटो होता. तरुण, गुटगुटीत धाकटे, हातात चांदीच्या करंडकाचा एक कान. डावीकडे फोटो कात्रीने कापलेला.

मायक्रॉनबाईला काहीतरी खटकलं. पण काय ते नेमकं कळेना, आणि गुरुवार तर दारात येऊन उभा राहिला होता.

४

घर विद्यापीठाच्या पाठीमागेच, त्यामुळे ती रोज जेवायला घरी जायची. सासूबाईंना रहस्यकथांचं भारी वेड. सुनेने ताटावर बसल्या बसल्या सगळी हकिगत सांगितली, तशा त्या वाढायचंच विसरल्या.

"सूनबाई, गुन्हेगार किल्लीबाई! लिहून घे."

"आई, त्या घोरत होत्या."

"म्हणून तर! घोरण्याचं सोंग." सासूबाईंनी डाव नाचवला. "बरं, ते राहू दे. तू आपली गेल्या आठवड्याची नोंद पुसून का टाकत नाहीस? मोजणी तर आजपासूनच होती ना? कुणाला कळणार आहे?"

सुनेचा घास हातातच राहिला. हा विचार तिच्या मनात सकाळपासून चार वेळा येऊन गेला होता, आणि चारही वेळा तिला स्वतःचीच लाज वाटली होती.

"नाही आई. आलेलं वाचन पुसायचं नाही. आवडलं नाही तरी नाही. थोरल्या सरांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच."

"मग समिती विचारेल तेव्हा काय सांगशील?"

"तेच तर कळत नाहीये हो," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "अकरा वर्षं गेली त्या दांड्यापायी. आता कुणीतरी येऊन त्याच्याशेजारी आरामात बसतं, आणि माझी नोकरी जाते."

सासूबाईंनी तिच्या ताटात आणखी भात वाढला. मग सहज म्हणाल्या, "काय माणसाची ऊब तरी! आता तू आणि मी, ऊब काय सारखी असणार आहे का? मी बसले तर तुझा मीटर दीड होईल."

सुनेने ताटावरून ताडकन उठून त्यांना उष्ट्या हाताने मिठीच मारली.

५

बुधवारी विभागात निरोप फिरला. समितीला दाखवण्यासाठी मायक्रॉनबाईला माणसाच्या उबेचा परिणाम मोजायचा आहे, तरी मंडळींनी एकेकटं आत बसावं, आलेख सपाट होईपर्यंत हलू नये.

थोरले सर आधी तयार नव्हते. पण धाकटे बसणार आहेत असं कळल्यावर त्यांना मागे राहता येईना. धाकट्यांचंही तसंच झालं. चारचौघांतल्या वैराचा असाही एक उपयोग असतो.

थोरले सर बसले. दांडा मायक्रॉनच्या चार दशांशांनी वाढला. काडी ती काडीच.

किल्लीबाई बसल्या, आणि लगेच झोपल्या. पाच दशांश. शिवाय आलेखाला घोरण्याची सुरेख झालर लागली.

धाकटे सर बसले. सात दशांश.

मायक्रॉनबाईने मागच्या आठवड्याची उंटाची पाठ शेजारी ठेवली आणि कपाळाला हात लावला. अकरा दशांश! विभागात एवढं मोठं माणूसच नव्हतं. धाकट्या सरांच्या दीडपट माणूस त्या दारातून आत शिरणार तरी कसा?

ती आलेख मोठा करून पाहू लागली. आजवर तिने फक्त उंची पाहिली होती, चढण पाहिलीच नव्हती. चढण एका दमात नव्हती. आधी एक लहान पायरी, थोडा वेळ सपाट, मग एक मोठी पायरी. उतरतानाही तसंच, आधी मोठी पायरी उतरली, मग लहान. तिन्ही दुपारी हेच.

लहान पायरी चार दशांश. मोठी पायरी सात.

"अगं बाई!" ती एकटीच मोठ्याने म्हणाली.

किल्ली असलेला काडीपैलवान आधी येऊन दार उघडतो. मग दुसरा येतो, फेऱ्या मारायला बाहेर पडलेला. निघताना दुसरा आधी सटकतो आणि किल्लीवाला मागून कुलूप लावून जातो. पण ज्यांच्यात विस्तव जात नाही ती दोन माणसं एका बंद खोलीत तास तास करतात काय? भांडत असती तर आलेख थरथरला असता. किल्लीबाईंचं नुसतं घोरणंही तिथे उमटलं होतं! इथे शब्दाचीही खूण नव्हती. फक्त मधूनच एक बारीक ठिपका. टक्. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

तिने खिशातली हिरवी चकती काढली. तिला दोन कापलेले फोटो आठवले, एकाच करंडकाचे दोन कान आणि मधलं घोड्याचं डोकं. तिने तोंडावर हात दाबला, नाहीतर तिचं हसू वरच्या मजल्यापर्यंत गेलं असतं.

पण हसता हसताच तिला गेल्या वर्षीची मुलाखत आठवली, आणि हसू विरलं.

६

थोरल्या सरांच्या टेबलावर तिने चकती ठेवली.

सरांनी ती पाहिली, मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "हत्तीची आहे. काळ्या हत्तीची. गेल्या आठवड्यापासून शोधतोय."

"सर, माझ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर बुद्धिबळ?"

"इतकं सपाट टेबल दुसरीकडे आहे कुठे? आणि इतकी शांतता?" सर ओशाळून हसले. "आमचं भांडण कधीच मिटलंय गं. विद्यार्थी असताना आम्ही जोडीने स्पर्धा जिंकायचो. एकदा हातात सोंगट्या आल्या आणि सगळं विरघळलं. पण लोकांना सांगायचं कसं? निम्मा विभाग त्याच्यापायी माझ्याशी बोलत नाही, निम्मा माझ्यापायी त्याच्याशी. आता उठून 'आम्ही बुवा दोस्त' असं म्हटलं तर लोक दोघांनाही झोडपतील. म्हणून आपली आळीमिळी गुपचिळी. तुझी मोजणी या सोमवारपासून आहे असंच आम्ही धरून चाललो होतो, आईशप्पथ."

"कधी मिटलं भांडण?"

"झालं की वर्षाच्या वर."

"म्हणजे माझ्या मागच्या मुलाखतीच्या आधी?"

सरांनी टेबलावरची चकती उलटी करून ठेवली.

"सर, म्हणजे तुम्ही दोघं दुपारी माझ्या दांड्याशेजारी बुद्धिबळ खेळलात, आणि मग वर जाऊन, ते 'हो' म्हणाले म्हणून तुम्ही 'नाही' म्हणालात? नुसतं लोकांना दाखवायला?" तिचा आवाज कापत होता. "मी घरी जाऊन चार दिवस रडले. मला वाटलं मीच कमी पडले."

थोरले सर खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "चूक झाली," ते एवढंच म्हणाले.

"उद्या मला विचारतील, आणि मी खोटं सांगणार नाही. तुम्हीच शिकवलंय." ती दाराशी थांबली. "नावं सांगायची की नाही, ते मात्र अजून ठरलेलं नाही."

त्या रात्री सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं, पण सुनेने नावं सांगितली नाहीत.

७

गुरुवारी समितीच्या लांब टेबलाच्या एका टोकाला थोरले सर, दुसऱ्या टोकाला धाकटे सर, आणि मध्ये बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. पांढरे केस, बारीक डोळे, आणि कुणाच्या बापाला भिणार नाही असा आवाज. पहिलाच प्रश्न त्यांनी बोट ठेवून विचारला.

"हे काय आहे? हे उंचवटे? तुमची मोजणी तर या सोमवारपासून होती. मागचा आठवडा दाखवला नसता तरी चाललं असतं."

"चाललं नसतं, बाई. आलेलं वाचन पुसायचं नाही." मायक्रॉनबाईने आलेख त्यांच्यापुढे आणखी सरकवला. "ती चूक नाही. ती दोन माणसं आहेत."

"माणसं?"

"पहिला हडकुळा. तो आधी येतो, त्याच्याकडे किल्ली असते. दुसरा चांगला जाड, तो मागून येतो आणि आधी जातो. दोघं समोरासमोर बसतात आणि अवाक्षर बोलत नाहीत. आळीपाळीने टेबलावर काहीतरी हलकेच ठेवतात. बुधवारी मी माणसं बसवून मोजून पाहिलं, दोन्ही मापं तंतोतंत जुळली."

खोलीत टाचणी पडली असती तरी आलेखात आली असती.

परीक्षक बाई पुढे वाकल्या. "म्हणजे तुमच्या या मांडणीला खोलीत किती माणसं आली, कोणत्या अंगाची, कोण आधी गेलं, हे सगळं नुसत्या दांड्याच्या लांबीवरून कळलं? बंद दाराआड?"

"हो."

"आणि त्यांची नावं?"

तिने आधी एका टोकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. अकरा वर्षांचा राग उफाळून आला होता. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं.

"दांडा मापं सांगतो बाई, नावं सांगत नाही," ती म्हणाली. "माणसं भली आहेत. फक्त एकदा चुकली."

 मग खुर्ची करकरली आणि धाकटे सर उठून उभे राहिले. कानापर्यंत लाल झाले होते.

"तो जाड मी," ते म्हणाले.

दुसऱ्या टोकाला थोरलेही उठले. "आणि हडकुळा मी. गेल्या वर्षी या मुलीचं नुकसान झालं, तेही आमच्या सोंगामुळे. त्याचीही नोंद व्हावी."

परीक्षक बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांच्या बारीक डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं होतं. "आणि जिंकलं कोण?"

"मी!" दोघंही एकदम म्हणाले.

ठरावाखाली लेखनिकाने लिहिलं, 'एकमताने नेमणूक.' विभागाच्या ठरावात 'एकमताने' हा शब्द कधी आला नव्हता, म्हणून त्याने सह्या घेण्याआधी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

८

"मी म्हटलं नव्हतं?" सासूबाई घरी म्हणाल्या. "जो सगळ्यात साळसूद दिसतो, तोच चोर."

"आई, तुम्ही किल्लीबाईंवर आळ घेतला होतात."

"तीही काही कमी नाही. कामाच्या जागी झोपते मेली."

दुसऱ्या दिवशी सुट्टीत चहाच्या खोलीच्या मधल्या खांबापाशी एक टेबल मांडलेलं दिसलं. थोरले काळ्यांनी खेळत होते, धाकटे पांढऱ्यांनी, आणि खिडकीवाले नि दारावाले एकमेकांच्या खांद्यावरून वाकून चुका काढत होते. काळ्या हत्तीला नवी चकती लागली होती, ती किल्लीबाईंनी भांडारातलं जुनं फडकं कापून करून दिली होती, सही घेऊन.

मायक्रॉनबाई तिथे थांबली नाही. ती तळघरात गेली. अकरा वर्षांत ती त्या खोलीत कामापुरतीच थांबली होती, तीही श्वास रोखून, दांड्याला आपली ऊब लागू नये म्हणून. सगळ्यांची ऊब मोजली होती, स्वतःची राहिली होती.

ती दांड्याशेजारी खुर्ची घेऊन बसली. चांगली पाठ टेकून, पाय पसरून बसली. थोडं रडली, थोडं हसली, आणि कुणाच्याही परवानगीवाचून मीटर वाढू दिला.

मग बाहेर येऊन तिने आलेख पाहिला. नवा, लहानसा उंचवटा आला होता. प्रत्येक उंचवट्यापुढे कारण लिहायचं, असा तिथला नियम. तिने पेन उचललं आणि लिहिलं, 'ही मी.'